उलट्या फिरकीचा बॉल

युमा, ॲरिझोना
१८ जानेवारी १९८७

रूबेन,

पत्र माझं आहे म्हणून लगेच शेगडीत टाकू नकोस. आधी वाच, मग टाक.

व्हर्नाबाईंचं पत्र मला मिळालं. त्यांनी ते माझ्या जुन्या पत्त्यावर धाडलं होतं, तिथल्या खानावळवाल्यानं त्याहून नव्या पत्त्यावर, आणि असं फिरत फिरत ते इथं लेट्यूसच्या मळ्यात पोचलं. पाकिटाला अजून त्यांच्या बेकरीचा वास होता. खोटं वाटेल, पण होता.

त्यांनी लिहिलंय: ‘आइली, यंदा यादीत तुझ्या भावाचं नाव आहे. हंगामभर त्यानं पास झेलले त्यापेक्षा सोडले जास्त. लोक म्हणतात रूबेन कांगासचे हात संपले. त्याला पुन्हा करारावर घ्यायचं का, ते मार्चच्या जेवणात ठरेल. तुझे बाबा ऑक्सिजनच्या नळीला बांधलेले, डॉक्टर त्यांना थंडीत उंबरा ओलांडू देत नाही. घरचं कुणी आलं नाही तर काय होतं, ते तुला सांगायला नको.’

मला सांगायला नको, पण ओफेलियाला सांगावं लागलं. ही माझ्या खोलीत राहते, माझ्याहून दुप्पट वेगानं लेट्यूस कापते आणि झोपेत भांडते. पत्र वाचून माझा चेहरा पडला तेव्हा तिनं विचारलं, ‘कोण मेलं?’

मी म्हटलं, ‘कुणी नाही. आमच्या गावात फुटबॉलची टीम आहे. खाण बंद पडल्यावर गावातल्या घरांनी मिळून चालवायला घेतली. माझा भाऊ त्यात वाइड रिसीव्हर आहे. म्हणजे कडेनं लांब पळायचं आणि मागून आलेला पास झेलायचा. आता तो झेलत नाही. तर मार्चमध्ये सगळी घरं चर्चच्या हॉलमध्ये जेवायला जमतील, जुनं हेल्मेट उलटं ठेवतील. ठेवायचा असेल तर लोखंडाची गोळी टाकायची, दुसऱ्या खाणींचा माल अजून आमच्या गोदीतून जहाजात भरतात ना, ती छोटी गोल. सोडायचा असेल तर सरोवराकाठचा पांढरा खडा. पहिला हात त्याच्या घरच्यांचा, सगळ्यांदेखत. घरचं कुणीच आलं नाही तर घराच्या नावानं पांढरा पडतो, आणि बाकीची घरं मग त्याच्याच मागून जातात.’

‘आणि घरच्यांनी आपणहून पांढरा टाकला तर?’

‘असं कधी झालेलं नाही.’

‘बरं, त्यालाच सोडायचं असेल तर?’

‘त्याला सोडता येत नाही. खाणीत बाकीचे खाली असताना एकट्यानं लिफ्टच्या पिंजऱ्यात बसून वर यायचं नाही. घंटा झाली की मगच. खाण गेली, रीत राहिली: पांढरे जास्त पडले की हॉलमध्ये घंटा वाजते, मगच तो मोकळा.’

‘वेडी माणसं तुम्ही,’ ती म्हणाली आणि मिरच्या भाजायला लागली. धुरानं दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मिरच्यांचं नाव सांगून मोकळी झाले.

मुद्दा असा की मी येऊ शकत नाही. इथलं काम मार्चपर्यंत आहे. आणि त्या हॉलमध्ये मला पाय ठेवायचा नाही, का ते तुला ठाऊक आहे. निवड चाचणीच्या दिवशी मी केस टोपीत कोंबून आले होते, माझे सगळे पास तुझ्या हातात बसले होते, आणि टोपी पडल्यावर अख्खं मैदान हसलं होतं. तू हसला नाहीस. तू काहीच केलं नाहीस. असो. मी ते विसरले आहे.

बाबांना म्हणावं दुसरी काहीतरी सोय बघा.

बर्फ कितीसा आहे? सहज विचारते. इथं जानेवारीत लोक उघड्या दंडांनी हिंडतात, बघवत नाही. अंगणातला दिवा अजून ठोसा मारल्यावरच लागतो का?

आइली

————

विनमुका, नेवाडा
९ फेब्रुवारी

रूबेन,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मीही असते तर दिलं नसतं.

मळा सोडला. भांडण वगैरे काही नाही, एक ट्रकवाला उत्तरेकडे निघाला होता आणि त्याच्या गाडीत तीन पायांचं कुत्रं होतं. मला त्या कुत्र्याची गोष्ट ऐकायची होती. गोष्ट अशी काही नव्हतीच, ते जन्मतःच तसं होतं. पण तोवर मी नेवाडात आले होते. सध्या एका हॉटेलात चादरी बदलते.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. मला कळलं! तू पास का सोडतोस ते मला कळलं.

काल हॉटेलामागच्या जागेत काही गुराखी पोरं बॉल फेकत होती. मी म्हटलं, इकडे द्या. डाव्या हातानं एक लांब सोडला. पोरगा बरोबर खाली उभा होता, हात बरोबर, आणि बॉल त्याच्या बोटांतून साबणासारखा निसटला. दुसरा, तसाच. तिसऱ्याला तो ओरडला, ‘ए बाई, तुझा बॉल उलटा फिरतो!’

उलटा फिरतो! डावखुऱ्याचा बॉल उलटाच फिरणार. रूबेन, तुझे हात कुणाच्या बॉलवर तयार झाले? माझ्या. अंगणात, त्या ठोशाच्या दिव्याखाली, बाबा ‘जेवायला या नाहीतर कुत्र्याला घालतो’ म्हणेपर्यंत. मग टीममध्ये गेलास तर पास फेकणारा क्वार्टरबॅक कोण? लाइल सारी. तोही डावखुरा! तो निवृत्त झाला आणि आला पुलापलीकडचा कोडी, उजव्या हाताचा. तुझी बोटं सवयीनं एकीकडे मिटतात आणि बॉल दुसरीकडे फिरत येतो. तुझे हात संपलेले नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की जग बदललंय.

मला इतका आनंद झाला की मी चादरी तशाच टाकून व्हर्नाबाईंना चार पानी पत्र लिहिलं. चित्रं काढली. बाण काढले. म्हटलं, जेवणाच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवा. तू आभार मानू नकोस.

तू टीममध्ये राहशील. शनिवारी दुपारी कडेच्या रेषेवर वाकून उभा राहशील, डावा पाय मागे, आणि मी जगात कुठंही असले तरी मला माहीत असेल. मी मोंटानात होते ना, तिथं शिंगं विकणाऱ्या म्हातारीकडे, तेव्हाही शनिवारी... जाऊ दे. त्या म्हातारीचं पुन्हा कधीतरी सांगेन.

आइली

ता. क. हरणाच्या मांसाचं लोणी-कांद्यातलं ते कालवण तू करतोस की बाबा अजून स्वतः करतात? इथं कुणाला जमत नाही. मी शिकवून बघितलं.

————

फार्गो, नॉर्थ डकोटा
४ मार्च

रूबेन,

तुझं पत्र हॉटेलवर आलं. इतक्या वर्षांत पहिलं, आणि त्यातली पहिली ओळ काय? ‘तुझ्या डोक्यात कल्पना आली की गावाची काच फुटते.’

बसच्या प्रतीक्षागृहात बसून मी ते पुन्हा वाचते आहे. बाजूचा म्हातारा विचारतोय, ‘प्रेमपत्र?’ मी म्हटलं, ‘भावाचं.’ तो म्हणाला, ‘मग हसतेस काय?’ हसत नव्हते मी तेव्हा, पण त्या काचेच्या भागाशी मी हसलेच. कोडीला धरून सगळ्यांनी डाव्या हातानं फेकायला लावलं! आणि बॉल बेकरीची काच फोडून थेट खिम्याच्या पास्ट्यांच्या परातीत! आणि व्हर्नाबाई म्हणाल्या, ‘याच्या डाव्यापेक्षा माझा मेलेला नवरा बरा फेकेल.’ हे तू लिहिलंस तेव्हा तूही हसला असशील. खरं सांग.

मग पुढचं पान.

‘आता सगळं गाव म्हणतंय, दोष रूबेनचा नाही, फिरकीचा आहे, ठेवा त्याला. रस्त्यात लोक पाठीवर थापा मारतात. तुला कुणी सांगितलं होतं? फिरकी-बिरकी काही नाही, आइली. मी बॉलकडे बघतच नाही. उत्तरेच्या टोकाला धावताना समोर गोदी दिसते. एखादं जहाज सुटत असतं. बॉल हाताला लागतो तेव्हा आठवतं की खेळ चालू आहे. मी एकतीस वर्षांचा आहे. पूल दोनदा ओलांडला, दोन्ही वेळा दाढ काढायला. एका जहाजावर मला डेकवर कामाला घ्यायला तयार आहेत. बर्फ फुटला की निघायचं. पण घंटा झाल्याशिवाय मी जाऊ शकत नाही. गेलो तर बाबांना या गावात मान वर करता येणार नाही. तू आली नाहीस तर बाबा थंडीत नळीसकट येतील आणि गोळीच टाकतील, त्यांना मी विचारूच शकत नाही. तू ये. तू पांढरा टाक. त्या दिवशी मैदानावर मी तुझ्यासाठी तोंड उघडलं नाही, हे मला रोज आठवतं. तरी मागतो आहे.’

हे वाचून मला काय वाटलं ते लिहिते, मग फाडायचं की नाही ते बघू.

मला तुझा राग आला. तुला वाटतं मला भटकायला आवडतं. आवडतं. पण कशामुळे आवडतं माहीत आहे? कुठल्याही फाट्यावर, कुठल्याही ओल्या गादीवर पडलेली असताना मला ठाऊक असायचं, की तिकडे एक मैदान आहे, त्याच्या कडेला माझा भाऊ वाकून उभा आहे. मोंटानातल्या म्हातारीकडे शनिवारी दुपार झाली की मी बाहेर जाऊन हवेतच एक फेकायची. हाती बॉल नसताना. म्हातारी म्हणायची, ‘डास आहेत का?’ मी म्हणायची, ‘हो.’

तू तिथून गेलास तर मी कुणाला फेकू?

आणि बाबांचं काय, ते तू लिहिलेलं नाहीस. लिहिणारही नाहीस. नळी बदलणं, लाकडं फोडणं, रात्री खोकला लागला की पाठ चोळणं. पण ते मला तुझ्या पत्राच्या कोऱ्या भागात वाचता आलं. म्हणजे तू नुसता खडा मागत नाहीस.

मी येत नाही. हे तुला स्वच्छ कळावं म्हणून लिहिते.

आइली

ता. क. हे पत्र टपालात टाकू का हातानं देऊ, कळत नाही. डुलुथची बस लागली आहे. म्हातारा म्हणतो, त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे.

————

टॅमरॅक हार्बर, घर
२३ मार्च

रूबेन,

तू गेलास त्या पहाटे मी जागी आहे हे तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं की तुला माहीत आहे. आपण दोघं कांगास, त्यामुळे तू दार हळू लावलंस आणि मी डोळे मिटून घेतले.

बंदरावर जाऊन विचारलं, जहाजावर पत्र कसं पोचतं. म्हणाले, डेट्रॉइटच्या नदीत एक छोटी बोट येते, जहाज न थांबता वरून दोर सोडतं आणि टपाल बादलीत घालून वर ओढतात. मला इतकं आवडलं! मी रोज लिहीन, तुझी बादली जड होईपर्यंत.

हॉलमध्ये काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. तू बाहेर बर्फात उभा, रीतीप्रमाणे. तुला फक्त घंटा ऐकू आली. म्हणून सांगते.

निघताना बाबांनी माझ्या कोटाच्या खिशात स्वतःच्या हातानं गोळी घातली. वरून थोपटलं. म्हणाले, ‘पहिल्या वर्षापासून या घराची गोळीच पडली आहे. फिरकीचं तू शोधलंस ते ब्येस केलंस.’ माझ्या दुसऱ्या खिशात खडा होता. वाटेत काठावर उकरून काढलेला, बर्फासारखा गार. दोन्ही खिशांत हात घालून मी जेवले. म्हणजे जेवले नाही. पास्टीचे दोन घास, आणि चौकशा. ‘किती काळी पडलीस गं!’ ‘लग्न?’ ‘तिकडे सॉना असतो का?’ मी म्हटलं, तिकडे घराबाहेर पडलं की सॉनाच.

मग व्हर्नाबाईंनी ते हेल्मेट टेबलावर उलटं ठेवलं आणि तुझं नाव घेतलं. ‘कांगासचं घर.’

मी गेले. डावाच हात पुढं केला. हेल्मेटाच्या आत तळाला अजून ती जुनी कापडाची घडी आहे, त्यामुळे खड्याचा आवाजच झाला नाही. पण पांढरा होता ना. सगळ्यांना दिसला.

व्हर्नाबाई हळूच म्हणाल्या, ‘आइली, पोरी, खिसा चुकला का?’

‘नाही.’

मागून लाइल सारी उठला. तुझा लाइल. ‘इतकी वर्षं बाहेर हिंडून आलीस, आणि घराच्या नावानं हे? त्याला अजून झेलता येतं! तूच लिहिलंस ना!’

मी म्हटलं, ‘मी चुकीचं लिहिलं.’

‘मग बरोबर काय?’

आता काय सांगू? तुला जायचं आहे असं म्हटलं असतं तर ते तू सोडल्यासारखं झालं असतं. गोदीचं, जहाजाचं नाव घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, ‘लाइल, तू त्याला नऊ हंगाम फेकलंस. मी त्याच्या आधी फेकत होते. बॉल कुठं पडला यावरून तो कुठं बघत होता ते आपल्या दोघांना कळतं. तुला कळत नाही असं सांग, मी खडा परत घेते.’

रूबेन, त्यानं हातातला काटा ताटात ठेवला. इतका मोठा माणूस, मिशीला तुकडा लागलेला. मग तो चालत आला आणि खडा टाकला. पांढरा. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘उत्तरेकडेच सुटायचे. दक्षिणेकडे एकही नाही.’

म्हणजे त्याला माहीत होतं. मग एकेक घर आलं. पांढरा टाकला. फक्त कोडीनं गोळी टाकली. व्हर्नाबाई म्हणाल्या, ‘अरे, पहिल्या घराच्या मागून जायचं असतं.’ तो म्हणाला, ‘माहीत आहे. पण मला तो टीममध्ये हवाय, बास.’ पुलापलीकडची माणसं! मला तो त्या क्षणी फार आवडला.

हेल्मेट भरल्यावर व्हर्नाबाईंनी घंटा वाजवली. तू आत आलास, खांद्यावर बर्फ, आणि प्रत्येकानं येऊन खांद्याला हात लावला आणि तो बर्फ झडत गेला. मग तू तीन पास्ट्या खाल्ल्यास. तू रडणार असं मला वाटलं होतं. तू खाल्लंस. तेही ठीक.

घरी येऊन मी बाबांना गोळी परत दिली. त्यांनी घेतली नाही. तुझ्यासमोर ते काही बोलले नाहीत. तू गेल्यावरही माझ्याशी बोलत नाहीत. कालवण पुढे केलं की बशी लांब सारतात, आणि मी घाम काढायला सॉनात गेले की खातात. गोळी खिडकीत ठेवली आहे.

तुझ्या खोलीत झोपते. उशीला तुझ्या तेलाचा वास आहे. तिथून गोदी दिसते, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

आइली

————

टॅमरॅक हार्बर
१७ मे

रूबेन,

काल तुझं जहाज आलं, भरलं आणि परत गेलं. तुला खाली उतरायला मिळालं नाही ते कळलं. कामावर असशील. मी रागावलेले नाही. मी मैदानाच्या उत्तरेच्या टोकाला जाऊन उभी होते, तू धावत यायचास तिथं. इतकं जवळून जातं ते जहाज! वाटलं, हात लांब केला तर रंग लागेल. यातलं काही न बघता कुणी बॉल झेलत असेल, तर त्या माणसाचंच काहीतरी चुकतंय.

पण गोष्ट ती नाही. बाबा बाहेर आले. अंगणात, नळीसकट, माझा कोट घालून. मी मैदानावरून परत आले तर हे कुंपणाला धरून उभे. मार्चपासूनचा पहिला शब्द काय काढला असेल?

‘टोपी घातली होती का त्यानं?’

मी म्हटलं, ‘दिसलं नाही. डेकवर पुष्कळ माणसं होती.’

‘दिसलं नाही म्हणे. डोळे आहेत का बटणं?’

तेवढ्यात जहाजानं भोंगा दिला. तीन लांब, दोन आखूड. नमस्काराचा. कप्तान आपल्या मर्जीनं तो देतो, की तू मागून घेतलास? मागून घेतला असशील तर मला सांगू नकोस. बाबांनी टोपी काढली. जहाज खडकामागे जाईपर्यंत तसेच उभे, डोक्यावर चार केस, वाऱ्यानं उडताहेत. मग कोटाच्या खिशातून गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. खिडकीतून कधी उचलली कोण जाणे.

म्हणाले, ‘ठेवायचा माणूस म्हणून आपण ही टाकतो. आणि या गोळ्या जातात कुठं? त्याच जहाजात भरून बाहेरच ना? इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आलं नाही.’

आणि मग, आत जाताना: ‘कालवणात मीठ कमी घालतेस.’

मी राहते आहे. किती ते विचारू नकोस, मला रस्ता दिसला की अजून पाय शिवशिवतात. परवा कोडी विचारायला आला होता, नव्या झेलणाऱ्यांना सरावाला मी फेकेन का. डावखुऱ्या फेकणाऱ्याच्या टीमशी सामना पडला तर उपयोग होईल, म्हणे. मी म्हटलं, टोपी घालून की न घालता? त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, ‘ऊन असेल तर घाल.’ मी मंगळवारी गेले. व्हर्नाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या, कुणी हसतंय का बघत. कुणी हसलं नाही. माझे निम्मे बॉल त्यांच्या हातांतून सुटले. छान आहेत पोरं. तुझ्यासारखं कुणी नाही.

शनिवारी दुपारी तू कुठं असतोस ते आता मला कळत नाही. ह्यूरन, मिशिगन, कुठल्या सरोवरात, नाहीतर कुठल्यातरी कालव्याच्या बंद दारांत पाणी चढून जहाज वर यायची वाट बघत. मी तरी अंगणात येऊन एक फेकते. बॉल असतो हाती आता. कुंपणापलीकडे जाऊन पडतो आणि मीच आणायला जाते. बाबा खिडकीतून म्हणतात, ‘सुटला!’

जानेवारीत सरोवर गोठलं की जहाजं बांधून ठेवतात. तेव्हा ये. अंगणातला बर्फ मी उपसून ठेवेन. दिव्याला ठोसा मीच मारेन, तू तुझी जागा घे. उलटाच फिरत येईल, सवय गेली असेल तुझी. आणि त्या वेळी समोर जहाज नसेल.

मग बघू, झेलतोस का.

आइली